मलठण कोणतें? : एका वंशावळीची चिकित्सा

गेल्या पावसाळ्यांत शिरूर तालुक्यांतील एका कुलकर्णी घराण्यांतले गृहस्थ एक वंशावळ व एक रुमाल घेऊन आमचेकडे आले. वंशावळ जाड कागदावर, टपोऱ्या बाळबोध अक्षरांत, वृक्षाच्या आकारानें काढलेली होती. रुमाल मळकट, एका कोपऱ्यास कसरीनें खाल्लेला, आणि आंत मोडी कागदांची जुडी. घराण्याचा कुलवृत्तांत छापावयाचा आहे, तरी वंशावळ तपासून ती बरोबर असल्याचा शेरा आम्ही लिहून द्यावा, अशी त्यांची मागणी होती. वृक्षाच्या मुळाशीं लिहिलें होतें : 'दादोजी कोंडदेव कुलकर्णी, रा. मलठण, ता. शिरूर, जि. पुणे.' रुमालाविषयीं विचारतां ते म्हणाले कीं तो सोबत आणला इतकेंच. घरांत तो कोणास वाचतां येत नाहीं.

शेरा आम्ही दिला नाहीं. त्याचीं कारणें त्यांस तोंडीं सांगितलीं तेव्हां ते थोडे खट्टू झाले. पण पुढें त्यांनींच आग्रह धरला कीं तीं लिहून काढावींत. त्यांच्या संमतीनें, नांवगांव वगळून, तीं येथें देत आहों. हल्लीं अशा वंशावळी अनेकांच्या हातीं दिसतात, व त्यांतील चुकाहि बहुधा याच जातीच्या असतात, म्हणून संग्राहकांस त्यांचा उपयोग होईल असें वाटतें.

आरंभीं एक खुलासा. दादोजी कोंडदेवांच्या नांवाभोवतीं गेल्या वीस-बावीस वर्षांत मोठा वाद झाला, इ. स. २०१० च्या डिसेंबरांत पुण्याच्या लाल महालांतील त्यांचा पुतळा हलविण्यांत आला. ते शिवाजीमहाराजांचे गुरु होते कीं केवळ जहागिरीचे कारभारी होते, हा त्या वादाचा विषय. तो आमचा विषय नव्हे. आमचा प्रश्न त्याहून फार लहान आहे. दादोजी ज्या मलठणचे म्हणून सांगितले जातात तें मलठण कोणतें, आणि प्रस्तुत घराण्याचा त्या मलठणशीं संबंध काय?

पुणें जिल्ह्यांत मलठण नांवाचीं दोन गांवें आहेत. एक शिरूर तालुक्यांत, घोडनदीच्या खोऱ्यांत, कवठें व आमदाबाद या गांवांच्या शेजारीं. दुसरें दौंड तालुक्याच्या पूर्वेस भीमेच्या दक्षिणकांठीं, राजेगांव-खानोट्याच्या बाजूस. तेथील नदी आतां नदी राहिलेली नाहीं, उजनीच्या जलाशयाचा फुगवटा तेथवर येतो. याखेरीज फलटण शहरास लागून तिसरें मलठण आहे, तें तूर्त बाजूस ठेवूं. मुद्रित चरित्रांत व कोशांत दादोजींच्या नांवापुढें कोणी शिरूर घालतो, कोणी दौंड. आणि एकानें घातलेलें दुसरा उतरून घेतो. आम्हांस चाळीस वर्षें उत्तरपत्रिका तपासण्याची संवय आहे. शेजारच्या बांकावरून आलेलें उत्तर कसें ओळखावें हें ती शिकविते : उत्तर असतें, पण रीत नसते.

वंशावळींतील 'ता. शिरूर' हे शब्द तर रीत नसल्याची कबुलीच होत. सतराव्या शतकांत शिरूर तालुका नव्हता, दौंड तालुकाहि नव्हता. इ. स. १८८५ त छापलेल्या पुणें जिल्ह्याच्या ग्याझेटियरांत तालुके आठ दिले आहेत : जुन्नर, खेड, मावळ, हवेली, शिरूर, पुरंदर, भिमथडी आणि इंदापूर. दौंड त्यांत नाहीं. तो मुलूख भिमथडींत मोडत असे. म्हणजे ज्यास आपण आज मोठ्या खात्रीनें 'दौंड तालुक्यांतील मलठण' म्हणतों तें आपल्या पणजोबांच्या काळीं त्या नांवाच्या तालुक्यांत नव्हतें. जुन्या माणसाचा पत्ता नव्या तालुक्यानें सांगितला तर सांगणाराचा काळ कळतो, त्या माणसाचा नाहीं. जुना कागद गांवाचें नांव लिहितांना परगणा व तर्फ लिहितो. शोध तेथून सुरू झाला पाहिजे.

याच दोन तालुक्यांतील गांवांचीं नांवें पाहिलीं तरी तर्फेचें महत्त्व ध्यानांत येतें. शिरूर तालुक्यांत रांजणगांव दोन आहेत. एक गणपतीचें, अष्टविनायकांमुळें सर्वांस ठाऊक असलेलें. दुसरें भीमेकडील रांजणगांव सांडस. हें 'सांडस' म्हणजे जुन्या तर्फेचें नांव. तर्फ गेली, तिचा हिशेब गेला, पण गांवाच्या शेंपटास ती चिकटून राहिली. दौंड तालुक्यांत देऊळगांव राजे आहे व देऊळगांव गाडा आहे. हिंगणी बेर्डी आहे व हिंगणीगाडा आहे. लोकांनीं हीं उपपदें हौसेनें लावलेलीं नाहींत. वसुलाचा पैसा, साक्षीदार किंवा सोयरा चुकीच्या गांवीं जाऊं नये यासाठीं तीं लागलीं. दोन मलठणांस मात्र असें उपपद नाहीं, आणि सगळा घोटाळा तेथेंच आहे.

आतां दादोजींविषयीं कागद काय सांगतात तें पाहूं. प्रथम त्यांचें नांव. समकालीन पत्रांत ते 'दादाजी कोंडदेव' असे येतात. 'दादोजी' हें रूप पुढें रूढ झालें. कोंडदेव हें त्यांच्या वडिलांचें नांव, आडनांव नव्हे. त्या काळचा लेखक स्वतःचें नांव, बापाचें नांव व हुद्दा इतकेंच लिही. आडनांव लिहिण्याचें प्रयोजन त्यास क्वचितच पडे. त्यांचें उपनांव गोचिवडे असें परंपरेनें सांगतात. तें खरें धरलें तर आमचेकडे आलेल्या वंशावळीवर पहिली आपत्ति येथेंच येते, कारण या घराण्याचें उपनांव तें नाहीं, आणि 'कुलकर्णी' हें तर उपनांवच नव्हे, तो धंदा. पुणें जिल्ह्यांतील गांवांइतकीं कुलकर्णी घराणीं होतीं. केवळ 'कुलकर्णी' या शब्दावरून दादोजींचा वंश सांगणें म्हणजे 'पाटील' या शब्दावरून राजघराण्याचा सांगण्यासारखें आहे. (तसेंहि सांगणारे आम्हीं पाहिले आहेत.)

हुद्द्याविषयीं संशय नाहीं. आदिलशाहीच्या बाजूनें कोंडाण्याचे नामजाद सुभेदार म्हणून, आणि शहाजीराजांच्या पुणें-सुप्याच्या जहागिरीचे कारभारी म्हणून, ते मावळांतील वतनतंट्यांच्या कागदांत दिसतात. त्यांचा मृत्यु इ. स. १६४७ च्या सुमाराचा. त्यांच्या मागें शिवकालीन पत्रांत एखादें वतन किंवा इनाम पूर्ववत् चालवावें असें सांगतांना दादाजींच्या कारकीर्दीचा दाखला दिलेला आढळतो. यावरून त्यांच्या निवाड्यांस केवढें वजन होतें हें कळतें. पण या कागदांस त्यांचें मूळ गांव सांगण्याची गरज नव्हती. सुभेदारास कोणी 'आपण कोठले?' असें विचारीत नाहीं. कृष्णाजी अनंत सभासदानें इ. स. १६९७ त जिंजीस बखर लिहिली तींत दादोजी आहेत, ते जहागिरीचे कारभारी म्हणून. मल्हार रामराव चिटणीसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची, म्हणजे दादोजींच्या मागें दीडशें वर्षांहून अधिक काळानें लिहिलेली. तींतील मजकुराचें वजन तेवढें कमी धरणें प्राप्त आहे. मलठणचें कुलकर्ण ही गोष्ट परंपरेच्या अंगानें आपल्यापर्यंत आली आहे. ती टाकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं, कारण मलठण हें कांहीं मिरवावयाचें क्षेत्र नव्हे. खोटें सांगणारानें याहून मोठें गांव निवडलें असतें.

मग त्यांतलें मलठण कोणतें? येथें भोसल्यांच्या पाटिलकीचा विचार आवश्यक होतो.

मालोजीराजांचे वडील बाबाजी भोसले यांच्याकडे हिंगणी बेर्डी व देऊळगांव येथील पाटिलकी होती, हें सर्वश्रुत आहे. हीं गांवें पाटस भागांतलीं. पण वर सांगितल्याप्रमाणें हिंगणीहि दोन व देऊळगांवेंहि दोन. आणि मौज अशी कीं त्यांची जोडी दोन्हीकडे जमते. 'गाडा' उपपदाचीं हिंगणी व देऊळगांव हीं भीमेपासून दूर, सुप्याच्या बाजूच्या कोरडवाहू माळावर. हिंगणी बेर्डी व देऊळगांव राजे हीं भीमाकांठीं, पेडगांवच्या बाजूस. केवळ 'हिंगणी व देऊळगांव' असें लिहिलेलें असतें तर भोसल्यांचें मूळ गांव कोणतें हें आपण सांगूं शकलों नसतों. 'बेर्डी' या एका शब्दानें तो प्रश्न सोडविला आहे. आणि नेमका तोच शब्द कांहीं ग्रंथांत 'हिंगणी, बेर्डी व देऊळगांव' असा स्वल्पविराम घालून छापला गेला, त्यामुळें दोन गांवांचीं तीन झालीं व ओळखीची खूण नाहींशी झाली. मोडीच्या ओळींत शब्दच तुटक लिहीत नाहींत, तेथें स्वल्पविराम कोठून येणार? तो मुद्रणप्रत करणाराचा. प्रत करतांना एक टिंब वाढलें तर एक गांव वाढतें, हें संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. 'राजे' या उपपदावर मात्र आम्ही मुळींच भार देत नाहीं. तें भोसल्यांमुळें लागलें असें गांवकरी सांगतात, लागलेंहि असेल, पण लागल्याचा काळ कळल्यावांचून त्यास पुरावा म्हणतां येत नाहीं.

भीमाकांठ असा निश्चित झाला कीं बाकीचीं स्थळें आपोआप जवळ येतात. मालोजीराजांच्या द्रव्याची ठेव ज्या शेषाप्पा नाइकाकडे होती म्हणून कथा सांगते तो चांभारगोंद्याचा, म्हणजे आजच्या श्रीगोंद्याचा. तें भीमेच्या पलीकडे. मालोजीराजे पडले तें इंदापूर त्याच नदीच्या खालच्या अंगास. आणि दौंडकडील मलठण या पट्ट्यांतच, हिंगणी बेर्डीच्या शेजारपाजारीं. पाटिलकीच्या गांवांतला हिशेब ज्यांच्या डोळ्यांसमोर चालला त्या शेजारगांवच्या कुलकर्ण्याच्या मुलास भोसल्यांनीं हाताशीं धरावें व पुढें त्याजवर जहागीर सोंपवावी, हें स्वाभाविक दिसतें. घोडनदीच्या खोऱ्यांतील मलठणच्या माणसाचा असा संबंध यावयास वेगळें कारण शोधावें लागेल. यावरून भीमाकांठचें मलठण हेंच दादोजींचें, असा आमचा कल आहे. याला आम्ही अनुमान म्हणतों. सिद्धान्त म्हणावयास मलठणच्या कुलकर्णाचा वतनी कागद पाहिजे. तो कसा ओळखावा हें शेवटीं सांगूं.

येथें थोडें विषयांतर करतों. परमानंदाचें शिवभारत आम्ही विद्यार्थ्यांस वाचून दाखवीत असूं. त्यांत कथेचा आरंभ मालोजींपासून, सूर्यवंशांतील 'मालवर्मा' या रूपांत होतो. हिंगणीची पाटिलकी कवीस नको आहे. जयराम पिंड्याच्या राधामाधवविलासचंपूंत शहाजींचें कुल थेट उदेपुरच्या राण्यांपर्यंत नेलें आहे. तंजावरास बृहदीश्वराच्या देवळांत इ. स. १८०३ त कोरलेल्या मराठी शिलालेखांत भोसलेवंशाची मोठी मालिकाच आहे. काव्याचा व प्रशस्तीचा धर्मच असा आहे, त्याबद्दल कवीस दोष नाहीं. रघुवंश वाचतांना आपण दिलीपाचा सात-बारा मागत नाहीं. राण्यांशीं संबंध होता कीं नव्हता हा वाद विद्वानांत अद्याप चालू आहे. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं नांगर धरणारा व चावडीवर बसणारा पूर्वज सर्वांत आधीं वगळला जातो. राजघराण्यांत त्याच्या जागीं सूर्य येतो. आमच्या गृहस्थांच्या घरांत त्याच्या जागीं दादोजी आले होते.

आतां वंशावळींतील पिढ्यांकडे वळूं. एकूण नांवें अकरा. मुळाशीं दादोजी; त्यांच्याखालीं तीन नांवें; मग एक कुलकर्णी, ज्यांच्या हातचे कागद रुमालांत आहेत व जे पेशवाईच्या अखेरीस व इंग्रजी अंमलाच्या पहिल्या पिढींत होऊन गेले; त्यांच्याखालीं पांच नांवें, आणि अखेरीस स्वतः गृहस्थ. रुमालवाल्या कुलकर्ण्यांपासून गृहस्थांपर्यंत सहा पायऱ्या आहेत. त्या सरासरी तीस वर्षांच्या आंतबाहेर पडतात, तें यथायोग्य आहे. वरच्या बाजूस काय दिसतें? दादोजी वृद्धपणीं वारले असें परंपरा सांगते. म्हणजे त्यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत येतो. रुमालवाल्यांचा जन्म इ. स. १८०० च्या आसपास धरला तर मधल्या सवादोनशें वर्षांत पायऱ्या चारच. प्रत्येक बापास मुलगा झाला तो पंचावन्नाव्या वर्षीं, आणि असें ओळीनें चार वेळां घडलें, असें मानावें लागतें.

यावर उत्तर मिळालें कीं मधलीं कांहीं नांवें गळलीं असतील. गळतातहि, आजोबांचें नांव नातवास ठेवण्याच्या रीतीमुळें तींच दोन नांवें आळीपाळीनें येतात व लिहिणारा दोन पिढ्यांची एक करून टाकतो. पण त्याच रीतीचा दुसरा परिणाम या वंशावळीस फार प्रतिकूल आहे. दादोजींच्या खालच्या दहा नांवांत 'दादो' किंवा 'कोंडो' एकदांहि नाहीं. ज्या घराण्यास असा पूर्वज असल्याची आठवण होती त्यानें त्याचें किंवा त्याच्या बापाचें नांव एकाहि मुलास ठेवलें नाहीं, हें आम्हांस पटत नाहीं. आठवण मागाहून आली, नांवें ठेवून झाल्यावर, असाच याचा अर्थ.

मग आम्हीं रुमाल सोडला. त्यास तीन बैठका लागल्या, आणि खरें सांगावयाचें तर वंशावळीपेक्षां आम्हांस त्यांतच अधिक गोडी वाटली. कुळझडतीचे सुटे बंद, वसुलाच्या पावत्यांचे खर्डे, एक कर्जरोखा, भावाभावांतील तक्षिमीचा कागद, आणि कोण्या बलुतेदाराच्या हक्काविषयींच्या कज्जांतील महजराची नक्कल. महजराच्या शेवटीं गोताच्या निशाण्या उतरल्या आहेत : पाटलाच्या नांवापुढें नांगर, सुताराच्या नांवापुढें त्याचें हत्यार, आणि कुलकर्ण्याच्या नांवापुढें लेखणी-दऊत. नक्कल करणारे तेच आमचे रुमालवाले कुलकर्णी. हात उत्तम; ओळी सरळ, उकार-वेलांट्यांची गर्दी नाहीं. नांगर मात्र त्यांस काढतां येत नसावा, तो खराट्यासारखा झाला आहे. तक्षिमीच्या कागदावरून दिसतें कीं ते तिघे भाऊ. कुलकर्णाचें काम पाळीपाळीनें करावयाचें व मुशाहिरा वांटून घ्यावयाचा, असें ठरलें होतें. धाकट्याची पाळी असतांहि पावत्यांचे खर्डे याच हातचे आहेत. धाकट्यास लिहितां येत नव्हतें, कीं तो गांवीं नव्हता, कीं थोरल्यानें त्यास लिहूं दिलें नाहीं? कागद सांगत नाहीं. शेवटच्या कांहीं खर्ड्यांत हात कांपलेला आहे, ओळ उजवीकडे खालीं उतरते, आणि आंकडे पूर्वींपेक्षां मोठे काढले आहेत. डोळे गेले असावेत. साठी उलटलेल्या वाचकास हें निदान करावयास वैद्य लागत नाहीं.

आणि मुख्य गोष्ट ही कीं यांतील एकहि कागद मलठणच्या कुलकर्णाचा नाहीं. सर्व कागद शेजारच्या एका गांवचे आहेत. घराणें मलठणचें नव्हतेंच. तें तेथें मागाहून येऊन राहिलेलें. ही गोष्ट घरांत कोणास ठाऊक नव्हती, कारण ती मोडींत होती.

केव्हां व कां आले? या मुलुखाचा एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध फार खडतर गेला. इ. स. १८७५ च्या १२ मे रोजीं सुप्याच्या बाजारांत सावकारांविरुद्ध दंगा उसळला व तो भिमथडी, शिरूर, इंदापूर असा पसरला. दंगेखोरांचा डोळा जिवावर नव्हता, कागदावर होता; कर्जरोखे हिसकावून जाळले गेले. हे रोखे पुष्कळदां कुलकर्ण्याच्याच हातचे असत. ज्या कागदांत कुणब्याचें नांव, त्याच्या बापाचें नांव, शेताची निशाणी व साक्षी, तोच कागद आगींत गेला. कुणब्याची मान मोकळी झाली असेल, पण त्याच्या पणतवंडांचा एक पुरावाहि गेला. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ. इ. स. १८७९ त शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला व गांवपातळीवर दस्तांची नोंदणी सुरू झाली. ज्यांस या भागांतील शेतकरी पूर्वज शोधावयाचे आहेत त्यांनीं या नोंदणीकडे अवश्य पाहावें. बखरींत न सांपडणारीं माणसें तेथें अंगठ्याच्या ठशानिशीं उभीं आहेत.

आमच्या घराण्यानें गांव सोडलें तें या वर्षांच्या मागेंपुढें असावें, असा आमचा तर्क होता. तर्कावर थांबावयाचें नव्हतें, म्हणून गृहस्थांस नाशिकास त्यांच्या तीर्थोपाध्यायांकडे जावयास सांगितलें. या वह्यांची योग्यता अनेक संशोधकांस अद्याप कळलेली नाहीं. वंशावळ एकजण घरीं बसून, बहुधा एकाच बैठकींत, आठवणीनें लिहितो. उपाध्यायांच्या वहींतील लेख यात्रेकरू स्वतः, त्या दिवशीं, आपल्या हातानें लिहितो किंवा सांगून लिहवितो : आपलें नांव, बापआजांचीं नांवें, भाऊ, मुलगे, गांव. त्यांत मोठेपणाचा लोभ नसतो, कारण दक्षिणा मोठेपणावरून वाढण्याचाच संभव अधिक. दोष एवढाच कीं बायकांचीं नांवें क्वचित् येतात व आजोबांच्या पलीकडे स्मरण बहुधा जात नाहीं. पण प्रत्येक पिढी येऊन आपला आजा सांगून जाते, आणि असे लेख एकाखालीं एक ठेवले कीं साखळी जुळते.

गृहस्थ जाऊन आले व लेखाचें छायाचित्र मोबाइलवर घेऊन आले. लेख रुमालवाल्या कुलकर्ण्यांच्या मुलाच्या हातचा. बापाचें नांव तेंच, दोघां चुलत्यांचीं नांवें तक्षिमीच्या कागदांतलींच, मूळ गांव रुमालांतलेंच, आणि पुढें दोन शब्द : 'हल्लीं मलठण'. या दोन शब्दांनीं घराण्याची मलठणांतील वस्ती तिच्या खऱ्या आरंभास आणून ठेविली. लेखांत आजोबांचें नांव आहे, तें वंशावळीशीं जुळतें. त्याच्यावर वंशावळींत जीं दोन नांवें व दादोजी आहेत त्यांस एकाहि कागदाचा आधार नाहीं. मागाहून चौकशी करतां कळलें कीं दादोजींचें नांव गृहस्थांच्या एका चुलत आजोबांनीं घातलें. त्यांनीं कोठेंसें 'मलठणचे कुलकर्णी' असें वाचलें. आपणहि मलठणचे, आपणहि कुलकर्णी. त्यांत लबाडी नव्हती. मलठण दोन आहेत हें त्यांस माहीत नव्हतें, आणि आपले मूळ मलठणचे नाहीं हेंहि माहीत नव्हतें.

अशा घरांची संख्या आतां वाढणार आहे. कुलकर्णवतनें इ. स. १९५० च्या कायद्यानें गेलीं, त्याच सुमारास मोडीहि व्यवहारांतून गेली. घरांत दप्तर राहिलें व तें वाचणारा राहिला नाहीं. इ. स. २०२३ त निवृत्त न्यायमूर्ति शिंदे यांची समिति कुणबी नोंदींच्या शोधास लागल्यापासून गांवोगांवच्या जुन्या दप्तरांकडे लोकांचें लक्ष गेलें, मोडी वाचणारांस कधीं नव्हे ती मागणी आली. त्या प्रश्नाच्या राजकारणाशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. परंतु एका शब्दावर घराण्याचे हक्क अवलंबूं लागले म्हणजे तो शब्द वाचणाऱ्यावर केवढा भार पडतो, हें पाहून आम्हांस कधींकधीं धास्ती वाटते. महिना-दोन महिन्यांच्या वर्गानंतर लोक कज्जाचे कागद वाचावयास बसतात. मोडींत गांवाचें नांव वाचणें हें सर्वांत कठीण काम आहे. बाकीचा मजकूर अर्थावरून लागतो, विशेषनामास अर्थाचा आधार नसतो.

कुलवृत्तांत अद्याप छापला गेलेला नाहीं. घरांत दोन तट पडले आहेत. वडील मंडळी म्हणतात कीं इतकीं वर्षें सांगत आलों तें आतां कसें पुसावें. तरुणांस रुमालवाले कुलकर्णी आवडूं लागले आहेत, व त्यांच्या हस्ताक्षराचें छायाचित्र एकानें चौकटींत बसवून भिंतीवर लावलें असें कळतें. वंशावळीच्या पाठीमागें आम्हीं लिहून दिलें तें असें : 'रुमालवाल्या कुलकर्ण्यांच्या वडिलांपासून खालीं कागदांनीं सिद्ध. वरील सर्व असिद्ध.' रुमाल त्यांस परत दिला. कसर लागूं नये म्हणून काय करावें तेंहि सांगितलें.

राहतां राहिला मलठणचा मूळ प्रश्न. ज्या संग्राहकांजवळ पाटस, सुपें किंवा शिरूरच्या बाजूचीं दप्तरें असतील त्यांनीं 'मलठण' हें नांव दिसतांच थांबूं नये. कागद महजर असेल तर शेवटल्या साक्षींपर्यंत जावें. गोतसभेस आसपासच्या गांवांचे पाटील येत, दूरचे येत नसत. साक्षींत राजेगांव, खानोटें, हिंगणी हीं नांवें असलीं तर तें मलठण भीमेचें; कवठें, आमदाबाद हीं असलीं तर घोडनदीकडचें. अशा कागदांत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांतील कुलकर्ण्याचें नांव कोंडदेव किंवा कोंडो असें कोठें आढळल्यास संपूर्ण नक्कल करावयास सवड नसली तरी चालेल. निदान साक्षीदारांच्या गांवांची यादी, आहे त्या क्रमानें, स्वल्पविराम न घालतां उतरून आमचेकडे पाठवावी.